आत्याबाईंचं पायमशीन: मोटर बसवू, की हायस्पीड घेऊ?

कापडचोपड (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न शिलाई मशीनचा आहे, पण त्यात नणंद, नवरा आणि कृष्णामाई तिघंही येतात, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आत्याबाई (माझ्या सासूबाई) मागल्या वर्षी गेल्या. त्यांचं सिंगरचं पायमशीन आता माझ्या वाट्याला आलंय. म्हणजे कसं, थोरल्या जाऊबाई पुण्याला फ्लॅटमध्ये, त्यांना ते नकोच. वन्संना हवंय, पण त्यांच्या घरात नको. आमच्याच सोप्यात, जागच्या जागी, 'आईचं' म्हणून राहावं असं त्यांचं म्हणणं. दिवाळीला आल्या की त्यावर हात फिरवतात, डोळे पुसतात आणि फराळाला बसतात. आत्याबाईंच्या लग्नात, १९६८ साली, त्यांच्या आईने आंदणात नवंकोरं दिलेलं असं घरात सांगतात.

मी गावभागात राहते, घरीच शिवते. मुख्य काम ब्लाउजचं: अस्तराचे, कटोरी, प्रिन्सेस कट, मागं नॉट आणि लटकन. लग्नसराईत जेवायला उसंत नसते. जूनमध्ये एक टेलर शाळेचे गणवेश गठ्ठ्याने देतो. थंडीच्या तोंडावर ओळखीच्या म्हाताऱ्या बायका जुनी लुगडी घेऊन वाकळ शिवायला येतात, त्यांना नाही म्हणवत नाही. पिको-फॉल मी बाहेर देते.

इतके दिवस माहेरून आणलेल्या साध्या मशीनवर चालवलं. ते आता पार झिजलंय, दुरुस्तीवाला म्हणाला यात रुपया घालू नका. म्हणून आत्याबाईंच्या मशीनकडे मोर्चा वळवला. तर ते चालतं, पण कुरकुरत. चाक जड फिरतं. पातळ कापडावर टीप बरी पडते, पण कटोरीचे चार पदर एकत्र आले की टाका सुटतो. खाली दोऱ्याचा पुंजका होतो. पट्टा सरकतो. आत्याबाई तेल म्हणून खोबरेलच घालायच्या, कायम.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं. मशीनचं डोकं आधीच स्क्रू सैल करून माडीवर नेलं होतं, म्हणून वाचलं. लोखंडी स्टँड आणि फळी मात्र पाण्यातच राहिली. फळी फुगून तिचे पापुद्रे सुटलेत, ब्लाउजच्या सिल्कचे धागे ओढले जातात.

आता समोर तीन वाटा आहेत. पहिली, आहे त्याच डोक्याला छोटी मोटर, दोन हजारांच्या आत-बाहेर. दुसरी, हायस्पीड, म्हणजे कारखान्यात असतं तसलं विजेवरचं वेगवान मशीन (जॅक, जुकी वगैरे कंपन्यांचं), टेबलासकट पंचवीस हजारांच्या आसपास. दुकानदार जुनं घेऊन दीड हजार कमी करतो म्हणतोय. तिसरी नवऱ्याची: त्याने मोबाइलवर एकवीस प्रकारचे टाके मारणारं पांढरं मशीन बघितलंय आणि तो रोज मला त्याचा व्हिडिओ दाखवतो.

ज्यांचे हात खरंच मशीनवर बसलेत त्यांनी सांगा. फोटो टाकलेत.

गुलमोहर (सातारा)

विकायचा विचारही करू नका ताई!! हे अँटिक आहे. परदेशात लोक लाखांनी घेतात. आमच्या पोवई नाक्यावरच्या एका हॉटेलात असलंच स्टँड टेबल म्हणून ठेवलंय, काय दिसतं!

मिरजेचा मिस्त्री

सातारकर, लाख देणारं गिऱ्हाईक असंल तर माझ्याकडं धाडा, माझ्या पत्र्याच्या शेडात असली डझनभर पडल्यात. असली डोकी जगभर लाखांनी निघाली. जी वस्तू घरोघरी होती तिला अँटिकचा भाव कुठनं येणार? मात्र दीड हजाराला देऊ नका हेही तितकंच खरं. दुकानदार त्याचं बिडाचं स्टँड हॉटेलवाल्याला विकणार, आणि डोकं झाडून-पुसून दुसऱ्याला.

आता ताई, तुमचे फोटो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) डाव्या तोंडाला उभी बसते, खांबावर पितळी बिल्ला. हे सिंगरच्या 'पंधरा क्लास' घडणीचं डोकं. आपल्याकडं देशी कंपन्यांनी पुढं जी काळी घरगुती मशीनं काढली त्यातली बरीच ह्याच घडणीची, म्हणून याचं शटल (वरच्या दोऱ्याचा फास उचलणारा भाग), बॉबिन केस, कापड पुढं ढकलणारे दाते, टेन्शनची (दोरा ताणून धरणारी) स्प्रिंग आजही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. लुधियानाचा माल असतो, शे-दोनशेत काम भागतं. मशीन टिकवायचं की नाही हे ठरवताना ही गोष्ट पहिली बघायची. भाग मिळत नसलेलं मशीन कितीही देखणं असलं तरी शोभेचंच.

तळपाटीच्या उजव्या अंगाला नंबर ठोकलाय, फोटोत दोन अक्षरं दिसतात, पहिलं इंग्रजी ई. ही मालिका १९३५ ला सुरू होऊन साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली, स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची. म्हणजे १९६८ च्या लग्नात हे नवंकोरं आलं असण्याची शक्यता कमी, कुणाच्या तरी घरी आधी चाललेलं असावं. वन्संना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

दुरुस्ती की बदली हे आत्ता ठरवूच नका. आधी दोष कुठं आहे ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

पट्टा काढा. नुसतं वरचं चाक हाताने फिरवा. तरीही जड असंल तर डोकं आतनं चिकटलंय. हलकं फिरलं तर रोग खालच्या स्टँडात आहे. मग पायडल नुसतं हलवून सोडून द्या, मोठं चाक आपल्या जोरावर काही फेरे फिरायला पाहिजे. लगेच थांबलं तर पुराचा गंज चाकाच्या दांड्यात आणि पायडलच्या दोन टोकांच्या खुंट्यांत बसलाय. त्या खुंट्या स्क्रूच्या असतात, जरा सैल करून, साफ करून, तेल घालून परत आवळायच्या. खुळखुळही नको आणि जखडूनही नको.

डोकं चिकटलं असंल तर कारण तुम्हीच सांगितलंय. खोबरेल डोक्याला लावायचं असतं, मशीनच्या डोक्याला नव्हे. ते घातल्या दिवशी मशीन मऊ चालतं, म्हणून बायकांचा विश्वास बसतो. पण खाद्यतेल हवेनं घट्ट होतं, त्यात कापडाची लव मिसळते, मग डिंकासारखा थर धरतो, आणि सांगलीच्या थंडीत सकाळी खोबरेल तसंही गोठतंच. रॉकेल मिळालं तर वरच्या सगळ्या भोकांत थेंब थेंब सोडा, तोंडाकडची प्लेट काढून आतल्या दांड्यांवर सोडा, डोकं मागं कलवून खालच्या सांध्यांवर सोडा, फिरवा, रात्रभर ठेवा, काळं निघंल ते पुसा, परत करा. रॉकेल नसंल तर नुसतं पांढरं मशीन ऑइल रोज घालून फिरवत राहा, वेळ जास्त लागतो पण सुटतं. सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट लावायचं नाही. वर लाखेचं वॉर्निश असतं, चिंधीबरोबर नक्षी हातात येते.

टाका सुटण्याचं. सगळ्यात आधी सुई बदला. लोक वर्षभर एक सुई चालवतात आणि मशीनला शिव्या देतात. तुम्हाला लागते ती चपट्या बाजूची घरगुती सुई, एचए. दुकानदार कधी हायस्पीडची गोल दांडीची डीबी देतो, ती ह्यात नीट बसत नाही. ब्लाउजला १४ नंबर, तलम सिल्कला ११, कटोरीचे पदर येतात तिथं १६, वाकळीला १८. नवीन सुईनंही सुटलं तर शटल बाहेर काढून त्याची नोक नखावर घासून बघा. बोथट असंल किंवा सुई आपटून कड आली असंल तर सुईनं केलेला दोऱ्याचा फास तिला उचलता येत नाही, आणि जाड पदरात तो फास आधीच लहान पडतो. शटल नवीन घाला, विषय संपला.

खालचा पुंजका दिसतो खाली, पण चूक बहुतेक वेळा वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मधोमध बसलेला नसतो, किंवा चकत्यांत लव अडकलेली असते. बॉबिनचं माप घ्यायची जुनी रीत: बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळत धरा, हिसका दिल्यावर थोडी खाली यावी आणि थांबावी. सरसर आली तर सैल.

शेवटचं, आणि हे खरं निकालाचं. सुईची दांडी खाली आणून बोटांत धरून पुढं-मागं हलवा. नीट खुळखुळ लागली तर बुश (दांडी ज्यातनं सरकते ती नळी) झिजलंय, मग मी दुरुस्ती सांगणार नाही. घट्ट असंल तर हे डोकं तुमच्या सुनेलाही पुरंल.

एवढं करून सांगा, मग मोटरचं बोलू.

किर्लोस्करवाडीचा पाव्हणा

मिस्त्रींच्या मोटरच्या बोलण्याआधी एक यांत्रिकी मुद्दा घालून ठेवतो, आयुष्य पंपांच्या शाफ्टांत गेलंय म्हणून राहवत नाही.

या पंधरा क्लासच्या डोक्यात शटल पूर्ण गोल फिरत नाही. ते अर्धं पुढं जातं, थांबतं, उलटं येतं. प्रत्येक टाक्याला एकदा. थांबवून उलट फिरवायला जो जोर लागतो तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की आतले धक्के चौपट. म्हणून ही डोकी मोटरवर खडखड करतात आणि टेबल थरथरतं. हायस्पीडमध्ये शटलच्या जागी हूक असतो, तो एकाच दिशेने गोल फिरत राहतो, थांबणं-वळणं नाही, म्हणून ते मिनिटाला चार-पाच हजार टाके सोसतं. जुन्या डोक्याला हजाराच्या पुढं पळवणं म्हणजे बैलगाडी हायवेवर काढणं.

यावर कुणी म्हणेल की तेल भरपूर घाला. हायस्पीडमध्ये खाली तेलाची टाकी असते, पंप सतत तेल वर चढवतो. तुमच्या डोक्यात तेल तुम्ही आठवण ठेवून घालाल तेवढंच.

कराडची शिलाई

कापडचोपड, मी हायस्पीड घेतलेली आहे, पश्चात्ताप नाही, तरीही तुम्हाला लगेच घ्या म्हणणार नाही. कारण तुमचं काम ब्लाउजचं आहे.

एक अस्तराचा ब्लाउज डोळ्यांपुढं आणा. माप बघणं, कापणं, अस्तर जोडून कच्चा टाका, टक्स, कटोरीचे भाग जुळवणं, गळ्याची पट्टी, पायपिंग, उलटवणं, इस्त्री, बाह्या, मग हातशिलाई, हुक, आळी. यात सलग लांब टीप कुठे आहे? वीतभर मारली की थांबायचं, कापड वळवायचं, पुन्हा वीतभर. मशीन मिनिटाला पाच हजार टाके मारू शकतं, पण ते तिथपर्यंत पोचायच्या आधीच शिवण संपते. माझा वेळ वाचला तो परकर, गणवेश, पिशव्या, पडदे यांत. तिथे खरंच दुपारचं काम चहाच्या वेळेआधी उरकतं. ब्लाउजमध्ये वाचला तो वेगाने नव्हे, गुडघ्याने. टेबलाखाली एक दांडी असते, गुडघ्याने ढकलली की कापड दाबणारं फूट वर उचललं जातं, दोन्ही हात कापडावरच राहतात. कटोरीची गोलाई वळवताना त्याचं मोल कळतं. शिवाय सर्वो मोटर (पाय दाबल्यावरच फिरणारी) असेल आणि तिला तशी सोय असेल तर सुई खाली रुतूनच थांबते, वळणावर कापड सरकत नाही.

वेगाची भीती असेल तर ती काढून टाका. सर्वोच्या डब्यावर वेग कमी करून ठेवता येतो. जुनी क्लच मोटर मात्र घेऊ नका, कुणी स्वस्तात देत असलं तरी. ती बटण दाबल्यापासून सतत घुमत राहते, पाय नुसता टेकला तरी कापड गिळते आणि वीज खाते ते वेगळंच.

आता याच्या उलट बाजू. हायस्पीड फक्त सरळ टीप मारतं. पिको नाही, काजं नाही. वाकळ त्यावर धड होत नाही, पदर जास्त झाले की फुटाखाली सरकवतानाच दम लागतो. जागा चार फूट लांब लागते. आणि तुम्ही गावभागात आहात! हायस्पीडचं डोकं पंचवीस किलोच्या पुढं, टेबल वेगळं, त्यात इलेक्ट्रॉनिक डबा. पाणी चढायला लागलं की तुम्ही ते माडीवर कसं नेणार? आत्याबाईंचं डोकं दहा-बारा किलोचं होतं म्हणून ते वाचलं. सांगलीकरांनी मशीन घेताना हा हिशेब आधी करावा असं माझं मत. आमच्याकडं प्रीतिसंगमाच्या बाजूला राहणारे लोक करतात.

एक विचारू? पिको-फॉल बाहेर देता म्हणालात. लग्नसराईच्या एका महिन्यात त्याचे किती जातात ते वहीत बघा बरं.

आणि तुमच्या नवऱ्याला सांगा, एकवीस टाक्यांतले अठरा कुणीही वापरत नाही. पण उरलेले तीन दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

वाळव्याची माहेरवाशीण

पैशांची सोय म्हणून एक माहिती. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी आधारवर, सेवा केंद्रातून. थोडे दिवस प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, पुढे हवं असल्यास पहिलं १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबात एकालाच मिळतं आणि घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. पडताळणीच्या तीन पायऱ्या आहेत, त्यामुळे लग्नसराई तोंडावर आल्यावर अर्ज करून उपयोग नाही, निवांत महिन्यात करा. व्हाउचर बघून मशीन ठरवू नका, मशीन ठरवून व्हाउचर वापरा. आमच्या गल्लीत दोघींनी उलटं केलं, आता त्यांच्या मशीनवर टीव्हीचा रिमोट असतो.

कापडचोपड (सांगली)

सगळ्यांचे आभार. मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसं केलं, नवऱ्याला हाताशी घेऊन.

पट्टा काढल्यावर डोकं जडच होतं, स्टँडही जड होतं, म्हणजे दोन्हीकडे रोग. शेजारच्या आजींकडे बाटलीभर रॉकेल निघालं. पहिल्या रात्री जे बाहेर आलं ते काकवीच्या रंगाचं होतं. दात्यांवरची प्लेट उघडली तर नमद्यासारखी दाबून बसलेली लव निघाली, त्यात जरीचे तुकडे आणि टिकल्या. शटल काढलं, नखावर नोक लागतच नव्हती, इतकी बोथट. नवीन शटल, नवीन बॉबिन केस आणि सुयांचं पाकीट आणलं, हरभट रोडच्या दुकानात सगळं एका फेरीत मिळालं. सुईची दांडी घट्ट आहे. हे तुम्ही निकालाचं म्हणालात म्हणून ते बघताना नवराही श्वास रोखून उभा होता.

स्टँडच्या खुंट्यांना वंगण लागल्यावर पायडल सुटलं. पट्टा ताणलेला होता, थोडा कापून पिन पुन्हा बसवली. आता कटोरीचे चार पदर १६ नंबर सुईने न सुटता जातात. टीप इतकी सरळ पडते की गिऱ्हाइकीण उलटी बाजू बघून 'नवं मशीन घेतलंस व्हय' म्हणाली.

कराडकर ताई, तुम्ही वही बघायला लावलीत. बघितली. माझ्याकडे ब्लाउज येतो त्याबरोबर साडीही येते, जवळजवळ दरवेळी. ती मी पिशवीत घालून दुसरीकडे देते, ती बाई पैसे घेते, वर मी मधला हमाल. दोन लग्नसराया धरल्या तर त्या पैशात पिकोचं साधं मशीन सहज येईल. म्हणजे मी हायस्पीड आणि मोटर करत बसले होते, आणि गळती तिसरीकडेच होती.

गणवेशांसाठी हायस्पीड हवं हे पटतं. पण गणवेश फक्त जूनमध्ये, त्यासाठी सोपा अडवायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीची पातळी बघत बसायचं, हे नको वाटतं. ४० फुटांचा इशारा झाला की आमच्या गल्लीत आवराआवर सुरू होते, ४५ ला तर धोक्याची पातळी. त्या वेळी मला दोन हातांनी उचलता येईल तेवढंच यंत्र घरात हवं. गणवेशांचा गठ्ठा निम्मा घेईन.

आता उरली मोटर. गुडघे अजून चांगले आहेत, पण चाळिशी ओलांडलीय. बसवू का? आणि फळीचं काय करू?

वन्संना नंबराचं सांगितलं बरं का. त्यांना वाईट वाटेल वाटलं होतं. त्या म्हणाल्या, 'मग आजीने घासाघीस करूनच घेतलं असणार, तिचा स्वभावच तो.' आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाल्या, 'माझं ड्रेसचं कापड आणलंय, शिवून दे.'

मिरजेचा मिस्त्री

झकास. बुश घट्ट आहे म्हणजे निम्मी लढाई आधीच जिंकली होती.

मोटर आत्ता बसवू नका. तुमच्या डोक्याच्या खांबावर मोटर आवळायला भोकाचा उंचवटा नाही, फोटोत बघितलं. म्हणजे पट्टी वाकवून जुगाड करावं लागंल, ते थरथरतं. बरं, त्या छोट्या मोटरीला हळू चालताना जोर नसतो. वळणावर एक-एक टाका घ्यायचा असतो तिथंच ती नुसती गुंगुं करते, हातानं चाक ढकलावं लागतं, मग पाय जरा दाबला की एकदम झेप घेते. पायडलवर तुमचा पाय सांगंल तेवढाच टाका पडतो, ब्लाउजवालीला तेच पाहिजे. शिवाय कार्बन ब्रशची असते, तासन्‌तास चालवली की तापते. गुडघे बोलायला लागले की या, तेव्हा तुमच्या पायाला मोटर बघू, म्हणजे बसण्याची उंची आणि पायडलवर पूर्ण तळवा टेकतोय का ते आधी बघू. निम्म्या बायका नुसता चवडा टेकवून चालवतात आणि गुडघ्याला दोष देतात. दोन्ही पावलं, एक थोडं पुढं, एक मागं.

फळीचं सोपं आहे. जुनी फळी फेकू नका, तिचं माप कागदावर उतरवून घ्या: डोक्याचा चौकोन, बिजागऱ्यांच्या खाचा, पट्ट्याची दोन भोकं. सुताराला मरीन प्लाय सांगा, १८ मिलिमीटर. साधा प्लाय घातला तर पुढच्या पुरात परत पापुद्रे. कडेला लाकडी पट्टी मारून गुळगुळीत घासून घ्या, मग सिल्क अडकणार नाही. पट्ट्याची भोकं सुताराच्या अंदाजानं पाडू देऊ नका. डोकं बसवून, चाकावरनं दोरी खाली सोडून, ती मोठ्या चाकाला सरळ उतरते तिथं खूण करा. तिरकं भोक पडलं की पट्टा कडेला घासून महिन्यात तुटतो. डोक्याचे ते दोन स्क्रू बसवताना तेल लावून बसवा, गंजले तर पाणी येताना सुटायचे नाहीत.

कराडची शिलाई

बाहेर जाणारे पैसे थांबवणं हा निर्णय आवडला. पिकोचं मशीन नवीनच घ्या असं नाही, पण जुनं घेताना स्वतःच्या साडीचा तुकडा घेऊन जा, दुकानदाराच्या चिंधीवर तपासू नका. जॉर्जेट आणि कडक कॉटन दोन्ही न्या. जॉर्जेटवर कड गोळा होत असेल तर टेन्शनने ते सुटेलच असं नाही.

मिरजेचा मिस्त्री

बरोबर. आणि तुकड्यावर शिवण्याआधी एक बघा: रुंदी शून्यावर ठेवून सरळ टीप मारा. ती जरा जरी नागमोडी पडली तर झिगझॅगचा कॅम (सुईला डावी-उजवी हलवणारा भाग) झिजलाय. किंमत कितीही पाडली तरी उठून यायचं. त्या दुकानात चहा दिला तरी.

कापडचोपड (सांगली)

चहा पिऊन उठून येईन काका. जॉर्जेट, कडक कॉटन आणि शून्यावरची टीप, तिन्ही लिहून घेतलं. सुतार सोमवारी येतोय.